आकाशाचा मक्ता

२०२५ सालच्या जून महिन्याची पाच तारीख आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नसेल. ती असावयास हवी. त्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष श्री. डोनाल्ड ट्रम्प आणि कालपरवापर्यंतचे त्यांचे जिवलग स्नेही श्री. इलॉन मस्क यांचे भर चव्हाट्यावर भांडण जुंपले. अध्यक्षांनी मस्क यांच्या कंपन्यांची सरकारी कंत्राटे रद्द करण्याची भाषा केली. त्यावर मस्क यांनी, आपली ‘ड्रॅगन’ याने आपण ताबडतोब सेवेतून काढून घेतो, असे जगजाहीर केले. काही तासांनी कोणा एका अनोळखी गृहस्थाने त्यांना दोन दिवस दमाने घेण्याचा सल्ला दिला. तो त्यांना पटला, आणि याने वाचली.

दोन बड्या असामींचे रुसवेफुगवे म्हणून हा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. परंतु आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसे पोहोचवील असे दुसरे एकही यान त्या घटकेला अमेरिकेपाशी चालू स्थितीत नव्हते. आणि आपल्यापुरते बोलावयाचे तर, त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या यानातून आणखी पाच दिवसांनी, १० जून रोजी, भारताचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला स्थानकाकडे निघावयाचे होते. त्या प्रवासासाठी व त्याच्या तयारीसाठी आपल्या सरकारी तिजोरीतून साडेपाचशे कोटी रुपयांच्या घरात रक्कम खर्ची पडली होती. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते सोव्हिएत सरकारचे पाहुणे म्हणून. शुक्ला यांची सफर एका खाजगी कंपनीने आखलेली, आणि गाडी दुसऱ्या खाजगी कंपनीची. एका राष्ट्राच्या अंतराळवीराची वाट एका उद्योगपतीच्या संध्याकाळच्या रागलोभावर काही तास अडून राहिली, ही गोष्ट खाजगी अंतराळ व्यवसायाचे पोवाडे गाणाऱ्यांनी आणि त्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनीही नीट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आम्ही स्वतः बोटे मोडणाऱ्यांपैकी नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. अंतराळ हे सरकारचे पवित्र क्षेत्र होते आणि व्यापाऱ्यांनी ते अलीकडे विटाळले, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. त्याला इतिहासाचा आधार नाही. १९६२ मध्ये ‘टेलस्टार’ उपग्रह आकाशात गेला तो अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या खर्चाने. तो उडवून देण्याची मजुरी त्या कंपनीने नासाला मोजून दिली. १९६५ च्या ‘अर्ली बर्ड’ पासून उपग्रहामार्फत संदेश पाठविणे हा रीतसर धंदाच झाला. माणसाला चंद्रावर उतरविणारे यान ग्रमन कंपनीच्या कारखान्यात तयार झाले आणि ज्या अग्निबाणाने ते उचलले त्याचा खालचा टप्पा बोइंगने बांधला. खाजगी कारखानदार पहिल्या दिवसापासून तेथे होतेच. निराळी होती ती कराराची रीत.

ती रीत मुंबईकरांना परकी वाटू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धाववली. त्या कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. मिळकत कमी पडली तर तूट हिंदी रयतेच्या करांतून भरून निघे. मग काटकसर करावी कोणी आणि कशासाठी? नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, असा तो सुखाचा संसार होता. अखेरीस १९२५ मध्ये त्या रेल्वेचा कारभार सरकारनेच हाती घेतला. नासा आपल्या मोठ्या कंत्राटदारांना अनेक दशके पैसे देत आली ते जवळजवळ याच न्यायाने: जो खर्च होईल तो सरकारचा, आणि त्यावर ठरलेला नफा. या पद्धतीने माणूस चंद्रावर गेला, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. जे काम पूर्वी कोणी केलेलेच नाही, त्याची किंमत आगाऊ ठरवून कोण देणार? पण तेच काम चाळीस वर्षे झाली तरी नवेच आहे असे मानून जेव्हा बिले चुकती होऊ लागतात, तेव्हा ती साहसाची बिदागी न राहता वतन होऊन बसते. नासाचा नवा महाकाय अग्निबाण ‘स्पेस लाँच सिस्टिम’ २०२२ च्या नोव्हेंबरात प्रथम उडाला. तो आणि त्यावरील यान मिळून पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला सुमारे ४.१ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज नासाच्याच महानिरीक्षकांनी दिला, आणि ही रक्कम परवडण्याजोगी नाही असेही बजावले.

२००६ मध्ये नासाने एक वेगळा प्रयोग आरंभिला. स्थानकावर सामान नेण्याचे काम तिने ठोक रकमेवर देऊ केले: ठरीव टप्पा गाठा, ठरीव पैसे न्या, यान तुमचे, जोखीम तुमची. स्पेसएक्स कंपनीचे पहिले तीन अग्निबाण त्या सुमारास प्रशांत महासागरात एकामागून एक कोसळले. चौथा २८ सप्टेंबर २००८ रोजी कक्षेत पोहोचला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बारा फेऱ्यांचे १.६ अब्ज डॉलरांचे कंत्राट हाती आले नसते तर ती कंपनी बहुधा दिवाळ्यात निघाली असती. स्वावलंबी उद्योजकांच्या ज्या दंतकथा आज सांगितल्या जातात त्यांत हा सरकारी हुंडीचा प्रसंग सहसा गाळला जातो; आम्ही तो मुद्दाम नोंदवीत आहोत. परंतु त्या पैशाचे चीज झाले, हेही तितकेच खरे. पुढे नासाने स्वतः हिशेब मांडून पाहिला, तेव्हा ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण जुन्या रीतीने तयार करावयास सुमारे चार अब्ज डॉलर पडले असते असे निघाले. कंपनीने तो व त्याआधीचा लहान अग्निबाण मिळून चाळीस कोटींहूनही कमी डॉलरांत बांधला होता. २१ डिसेंबर २०१५ रोजी त्या अग्निबाणाचा पहिला टप्पा आपले काम आटोपून परत आला आणि जमिनीवर उभा राहिला. २०१७ च्या मार्चमध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. एकदा वापरून समुद्रात फेकून द्यावयाची वस्तू परत वापरता येऊ लागली, तर दर का उतरणार नाहीत? २०२४ या एका वर्षात या कंपनीच्या फाल्कन अग्निबाणांची १३० हून अधिक उड्डाणे झाली. साऱ्या जगाची मिळून त्या वर्षीची निम्मी उड्डाणे त्यांतच आली.

माणसांच्या वाहतुकीची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेने २०११ मध्ये आपली शटल याने निवृत्त केली आणि पुढील नऊ वर्षे तिचे अंतराळवीर रशियाच्या ‘सोयुझ’ मधून गेले. २००८ मध्ये जी जागा सुमारे २ कोटी १० लाख डॉलरांना मिळत होती तिचे भाडे २०२० पर्यंत ९ कोटींवर चढले. रशियाचे सरकारही, दुसरा गाडीवान नाही हे पाहिल्यावर, कसलेल्या व्यापाऱ्याप्रमाणेच वागले. दरम्यान २०१४ मध्ये नासाने दोन कंपन्यांना ठोक रकमेवर यान बांधण्यास सांगितले होते: बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. ज्या घराण्याकडे मान आणि अनुभव, त्याला अधिक पैसे, हा दरबारी संकेत तेथेही सुटला नाही. नवख्या कंपनीने ३० मे २०२० रोजी दोन अंतराळवीर नेऊन दाखविले. मानकऱ्यांच्या ‘स्टारलायनर’ मधून बुच विल्मोर व सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये आठवडाभराच्या मुक्कामासाठी गेले ते यानात बिघाड झाल्याने नऊ महिन्यांनी, १८ मार्च २०२५ रोजी, प्रतिस्पर्ध्याच्या गाडीने परत आले. या उद्योगात बोइंगला दोन अब्ज डॉलरांच्या वर खोट आली. ती बोइंगने सोसली, करदात्यांनी नव्हे, एवढे नव्या रीतीच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. मात्र दोन गाडीवान उभे करण्याचा नासाचा हेतू त्याबरोबर फसला आणि एकच उरला. तो एकच उरल्यामुळे २०२५ च्या त्या संध्याकाळच्या भांडणाला इतके वजन आले.

येथपर्यंत आम्ही जे लिहिले ते सारे वाहतुकीविषयी आहे. आणि आमचा खरा आक्षेप असा की, गेली काही वर्षे वाहतूक आणि शोध या दोन गोष्टींची सर्रास गल्लत केली जात आहे. गाडी स्वस्त झाली म्हणून यात्रा आपोआप घडत नाही. कोठे जावयाचे, काय पाहावयाचे आणि पाहिलेले कोणाला सांगावयाचे, हे गाडी ठरवीत नसते.

गुरूच्या युरोपा या उपग्रहाकडे निघालेल्या ‘युरोपा क्लिपर’ चे उदाहरण घ्या. युरोपाच्या बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा महासागर असावा असे मानण्यास भक्कम आधार आहे. तेथे जीवाला पोषक परिस्थिती आहे काय, याचा तपास करावयास हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी सुटले. ते नासाच्याच महागड्या अग्निबाणावरून गेले पाहिजे असे अमेरिकी संसदेने कायद्याने बांधून टाकले होते. कारण उघड होते, त्या अग्निबाणाचे कारखाने ज्या प्रांतांत त्यांचे प्रतिनिधी संसदेत होते. अखेरीस ते बंधन सुटले आणि २०२१ मध्ये ‘फाल्कन हेवी’ ला सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलरांत काम मिळाले. त्यात दोन अब्ज डॉलरांच्या आसपास बचत झाली असे मानले जाते. किंमत दुसऱ्या रूपाने मोजावी लागली: सरकारी अग्निबाणाने जो प्रवास तीन वर्षांच्या आत झाला असता तो मंगळाला आणि पृथ्वीला वळसे घालीत साडेपाच वर्षांचा झाला, यान २०३० च्या एप्रिलमध्ये गुरूपाशी पोहोचावयाचे आहे. आमच्या मते हा सौदा चोख होता. मात्र त्यातली वाटणी पाहावी. यानाला उचलून देणारा गाडीवान खाजगी. प्रश्न विचारणारे शास्त्रज्ञ, यान, त्यावरील उपकरणे आणि त्यांचा खर्च सार्वजनिक. आणि जे उत्तर हाती येईल ते साऱ्या जगाचे. युरोपाच्या समुद्रात काय आहे हे कळल्याने कोणत्याही भागधारकाला लाभांश मिळणार नाही. म्हणून कोणतीही कंपनी आपण होऊन तेथे गेली नसती, आणि त्याबद्दल तिला दोषही देता येणार नाही. १९७७ मध्ये निघालेली ‘व्हॉयेजर’ याने सूर्यमालेच्या वेशीबाहेर जाऊनही बोलत राहिली. त्यांच्या बोलण्याला बाजारभाव कोणता?

चंद्राच्या बाबतीत ही गल्लत फार स्पष्ट दिसली. चंद्रावर उपकरणे उतरविण्याचे कामही नासाने ठोक भाड्याने देऊन पाहिले. २०२४ च्या जानेवारीपासून २०२५ च्या मार्चपर्यंत चार खाजगी याने निघाली. पहिले इंधनगळतीमुळे चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही. दोन उतरताना कलंडली. ‘ब्लू घोस्ट’ हे एकच यान २ मार्च २०२५ रोजी सरळ उभे राहिले आणि नासाची दहा उपकरणे त्याने चांद्र दिवस मावळेपर्यंत चालविली. स्वस्त प्रयोगात अपयश यावयाचेच, त्याची आम्ही थट्टा करीत नाही. ‘चांद्रयान-२’ च्या २०१९ मधील अपघातावाचून २०२३ चे ‘चांद्रयान-३’ झाले नसते हे आपण जाणतो. खटकते ते निराळेच. पहिल्या यानावर शास्त्रीय उपकरणांच्या शेजारी, पैसे भरून पाठविलेल्या मानवी रक्षेच्या कुप्या होत्या. चंद्राला पवित्र मानणाऱ्या नाव्हाहो लोकांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा खाजगी यानातील मालावर आपला अधिकार नाही, अशी भूमिका नासाने घेतली. आणि त्याच वर्षाच्या जुलैमध्ये, चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर बर्फ हुडकण्यासाठी ४५ कोटी डॉलर खर्चून बांधून तयार असलेली ‘व्हायपर’ ही गाडी, पुढचा खर्च झेपत नाही म्हणून नासाने रद्द केली. रक्षेला गाडी मिळाली. संशोधनाच्या गाडीला मिळाली नाही. वैज्ञानिकांनी ओरड केल्यावर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ब्लू ओरिजिन कंपनीच्या यानातून ‘व्हायपर’ ला नेण्याचे कंत्राट निघाले, हे ठीक झाले. पण ओरडीवाचून ते निघाले नसते.

२०२५ च्या मे महिन्यात तर अमेरिकी सरकारने नासाच्या वैज्ञानिक कार्याची रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील समित्यांनी तो मानला नाही. परंतु खाजगी कंपन्या आहेतच, मग सरकारने कशाला, हा सूर त्या प्रस्तावामागे स्पष्ट ऐकू येत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्री. जॅरेड आयझॅकमन नासाचे प्रमुख झाले. ते पूर्वी स्वखर्चाने स्पेसएक्सच्या यानातून दोनदा अंतराळात जाऊन आले होते. त्यांच्या धाडसाविषयी आम्हांला आदरच आहे. तथापि गिऱ्हाईक, दुकानदार आणि तपासनीस एकाच ओसरीवर बसू लागले म्हणजे हिशेबाच्या वह्या अधिक बारकाईने पाहाव्या लागतात.

श्रीमंतांच्या सहलींवर आम्ही फार शाई खर्च करीत नाही. दहा-अकरा मिनिटांत जाऊन येणाऱ्या पाहुण्यांना अंतराळवीर म्हणावे की नाही, हा वाद ज्यांना फुरसत आहे त्यांनी घालावा. अंतराळ स्थानकाचे तिकीट विकत घेऊन जाणारे पहिले प्रवासी डेनिस टिटो २००१ मध्ये गेले ते कोणा भांडवलदाराच्या यानातून नव्हे, एकेकाळच्या साम्यवादी रशियाच्या ‘सोयुझ’ मधून, एवढी गंमत मात्र सांगून ठेवतो.

त्याहून गंभीर प्रश्न डोक्यावरच्या आकाशाचा आहे. २०१९ च्या मे महिन्यात स्पेसएक्सने ‘स्टारलिंक’ चे पहिले साठ उपग्रह सोडले. २०२५ पर्यंत त्यांची संख्या सात हजारांवर गेली. दुर्गम खेड्याला आणि युद्धात होरपळणाऱ्या शहराला त्यांनी संदेशवहन दिले, हा उपकार लहान नव्हे. पण वेधशाळांच्या छायाचित्रांवर त्यांचे पांढरे ओरखडे उमटू लागले, आणि पृथ्वीलगतच्या कक्षांत गर्दी झाली. २००९ च्या फेब्रुवारीत इरिडियम कंपनीचा एक उपग्रह रशियाच्या एका निकामी उपग्रहावर आदळून दोहोंच्या ठिकऱ्या उडाल्या. त्या ठिकऱ्या कोणा एकाच्या दारात पडल्या नाहीत, साऱ्यांच्याच वाटेत पडल्या. १९६७ च्या अंतराळ करारान्वये आकाशस्थ गोलांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही, आणि खाजगी कंपन्यांच्या वर्तनाची जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर राहते. हा करार झाला तेव्हा दोन महासत्ता एकमेकींच्या भीतीने शहाण्या झाल्या होत्या. पुढे अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून, खगोलावरून काढलेले खनिज काढणाऱ्या नागरिकाच्या मालकीचे, असे ठरविले. भूमी कोणाची नाही, पण खणील त्याची खाण, असा हा न्याय. वकिलांना त्यात विसंगती दिसत नसेल, आम्हांला दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. शुक्ला यांचे उड्डाण १० जूनला झाले नाही. हवेमुळे ते एक दिवस लांबले आणि मग अग्निबाणात द्रव प्राणवायूची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष श्री. व्ही. नारायणन आपल्या सहकाऱ्यांसह त्या वेळी फ्लॉरिडात होते. गळती पूर्णपणे दुरुस्त झाल्यावाचून उड्डाण होऊ नये, असा आग्रह आपण धरला, आणि दुरुस्तीच्या वेळी नळीला भेग गेल्याचे दिसून आले, असे त्यांनी नंतर सांगितले. शुक्ला २५ जूनला निघाले आणि १५ जुलैला सुखरूप परतले. द्रव प्राणवायूच्या नळीपुढे उभे राहून ‘थांबा’ म्हणण्याचा हा अधिकार साडेपाचशे कोटींच्या पावतीबरोबर मिळालेला नव्हता. १९९० नंतरच्या दशकात रशियाकडून मिळावयाची अतिशीत इंजिनांची विद्या अमेरिकेच्या दडपणामुळे आपल्याला नाकारली गेली. तेव्हापासून आपल्या अभियंत्यांनी ती स्वतः हस्तगत करण्यात वीस वर्षे घालविली. २०१० मध्ये उड्डाण फसले, २०१४ च्या जानेवारीत साधले. त्या वीस वर्षांचा खर्च कोणत्याही व्यापारी ताळेबंदात तोटा म्हणूनच दाखवावा लागला असता. त्या तोट्याच्या बळावर नारायणन यांना गळतीचे गांभीर्य कळले. ज्याला गाडीतले कळत नाही असे गिऱ्हाईक गाडीवानाच्या दयेवर असते. मग ते एखादे बलाढ्य सरकार का असेना.

भारतानेही २०२० मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि २०२३ मध्ये त्याविषयीचे धोरण जाहीर केले. आम्ही त्याचे स्वागत करतो. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने आणि वालचंदनगरने इस्रोसाठी वर्षानुवर्षे इंजिने व अग्निबाणांची कवचे घडविली. आरेखन इस्रोचे आणि घडण त्यांची. आता नव्या कंपन्या स्वतःचे अग्निबाण योजू लागल्या आहेत. हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिले खाजगी उड्डाण केले. चेन्नईच्या अग्निकुलने २०२४ च्या मे महिन्यात दुसरे केले. त्यांच्या अग्निबाणाचे नाव ‘अग्निबाण’ च आहे, याचा मराठी वृत्तपत्रांना विशेष आनंद वाटावा! इस्रोचा लहान अग्निबाण बांधण्याचे हक्क २०२५ मध्ये ५११ कोटींना विकले गेले, आणि बोलीत सरस ठरली हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे पुन्हा सरकारी कंपनीच. मोठे भांडवल आणि दीर्घ धीर आपल्याकडे अजून कोठे आहे, हे त्यावरून कळते.

नेहमीचे अग्निबाण उद्योगांनी बांधावेत आणि इस्रोने संशोधन करावे, असे सरकार सांगते. वाटणी योग्य आहे. आमची शंका तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आहे. कामाचा बोजा कमी झाला की अर्थखात्याला पैसाही कमी करावासा वाटतो, हा सर्व खात्यांचा अनुभव आहे. इस्रोकडून जेवढे काम कारखान्यांकडे जाईल तेवढी रक्कम तिच्या अंदाजपत्रकात शुक्राच्या, चंद्राच्या आणि सूर्याच्या अभ्यासासाठी कायम राहील, असे अर्थमंत्र्यांनी संसदेत स्पष्ट सांगावे. दुसरे असे की, २०२३ चे धोरण हे धोरण आहे, कायदा नव्हे. अंतराळाचा कायदा करताना निकामी उपग्रह खाली आणण्याची सक्ती आणि अपघाताच्या चौकशीचा अहवाल जनतेपुढे ठेवण्याचे बंधन त्यात घालावे. ज्याचा अग्निबाण कोसळला त्यानेच आपली चौकशी करून आपल्यालाच निर्दोष ठरवावे, हे चालू देऊ नये. आणि कोणतेही महत्त्वाचे काम एकाच कंपनीच्या पदरात पडणार असेल, मग ती कंपनी मुंबईची असो की कॅलिफोर्नियाची, तर दुसरी उभी राहीपर्यंत इस्रोने आपला अग्निबाण आणि तो उडविणारी माणसे हाताशी ठेवावीत. बोइंगची गाडी बंद पडल्यावर अमेरिकेच्या हाताशी असे काहीच नव्हते.